अनसाबाईंच्या चौदा सुया

अनसाबाई तेलगोटे दवाखान्यात आलेल्या माणसाला काय झालं म्हणून कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘‘कुत्रं हाये का?’’

नवा माणूस गांगरायचा. हाताला चिंधी गुंडाळून, बायको-पोरं बरोबर घेऊन तो बारा कोसांवरून आलेला, आणि ही बाई त्याला सोडून कुत्र्याची खुशाली विचारते! पण त्या प्रश्नात सगळं होतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर माणसाला भीती नाही. ते मेलं, पळालं किंवा सापडलंच नाही, तर सुया घ्यायच्या. चौदा दिवस, रोज एक, पोटात.

‘‘काठ्यांनी ठेचून आलो बाई त्याले,’’ एखादा छाती काढून सांगायचा.

‘‘शाब्बास. साक्षीदार मारून आले. बसा आता चौदा दिवस.’’

अकोल्यातल्या त्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली होती. कागदोपत्री तिला काही नाव असेल, लोक तिला कुत्र्याची खोली म्हणत. अनसाबाई तिथल्या नर्स. मी पुढच्या खोलीत बाबू होतो. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार होता. आमच्या घराण्यात कागदावर अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस मी, आणि अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झालेला आमच्या अख्ख्या वस्तीतला पहिला माणूसही मीच. ही गोष्ट मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. आजही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अनसाबाईंनी ती एकदाच ऐकून घेतली आणि तेव्हापासून मला नावानं हाक मारणं सोडलं. ‘‘ओ बीए, जरा पानी टाक हातावर,’’ असं त्या सगळ्या दवाखान्यासमोर म्हणत. त्या आमच्याच समाजातल्या. धम्म घेण्याच्या आधीच नर्सिंग शिकून आलेल्या. म्हणून मला वाटे, निदान यांनी तरी चारचौघांत मान द्यावा. त्यांचं म्हणणं, मान राहू दे, पाणी टाक.

पाणी कशासाठी, तर जखम धुवायला. सुईच्या आधी साबण, हा त्यांचा कायदा. गावाकडचे लोक जखमेत तिखट भरून यायचे, चुना लावून यायचे. कोणी सात विहिरींत डोकावून, देवाला नारळ फोडून मग तिसऱ्या दिवशी यायचे. अनसाबाई आधी ते सगळं खरवडून काढत आणि मग वाहत्या पाण्याखाली साबणानं धूत बसत. किती वेळ धुवायचं, याचं माप घड्याळात नव्हतं. त्या माणसाला म्हणत, ‘‘तुह्या गावातली घरं सांग. इकून सुरू कर, पार तिकडच्या शिवेलोक.’’ तो बिचारा कण्हत कण्हत सांगे, आधी पाटलाचं, मग गुरवाचं, मग तेल्याचं. गावातलं शेवटचं घर येईपर्यंत धुणं चालू. गाव लहान असलं तर म्हणत, ‘‘आता उलटं सांग.’’ त्यामुळे वऱ्हाडातली कितीतरी गावं अनसाबाईंना न जाता पाठ होती.

दुसरी सवय सुईची. तेव्हा सुया एकदा वापरून फेकायच्या नव्हत्या. त्याच उकळायच्या, त्याच पुन्हा वापरायच्या. दुपारी भाकरी खाऊन झाली की अनसाबाई खोलीच्या पायरीवर बसून बारीक दगडावर एकेक सुई घासत. मग तिचं टोक कापसाच्या बोळ्यातून फिरवून पाहत. एक तंतू जरी अडकला तरी सुई परत दगडावर. आणि औषध ठेवायची बर्फाची पेटी. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हात पडलेला त्यांना चालत नसे. अकोल्याच्या उन्हाळ्यात बर्फाची लादी भुशातून येईस्तोवर निम्मी होई. ती आणणाऱ्याशी त्या रोज भांडत.

पुण्याकडून एक तरुण डॉक्टर आमच्याकडे बदलून आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अनसाबाईंना बोलावून घेतलं. ‘‘सिस्टर, तुम्ही पेशंटना इतकं रागावून का बोलता?’’

अनसाबाई चकित. ‘‘कवा रागावलं?’’

‘‘आत्ताच. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना.’’

‘‘त्याइले? त्याइले तं म्या बसा म्हनलं, साहेब.’’

महिनाभरात डॉक्टरसाहेबांच्या ध्यानात आलं की ही बाई चुकत नाही. सुई द्यायची की नाही याच्या कागदावर सही त्यांची असे, पण सहीच्या आधी ते एकदा अनसाबाईंच्या तोंडाकडे पाहून घेत.

माझी समजूत अशी होती की अनसाबाईंचं काम म्हणजे सुया देणं. ती खोटी ठरली ती जठारपेठेतल्या एका वकिलामुळे. त्यांच्या मुलीचा हात शेजारच्या पाळीव कुत्र्यानं चाटला होता. हाताला ओरखडाही नव्हता, आणि कुत्रं वकिलांच्या मागोमाग दवाखान्याच्या फाटकापर्यंत शेपूट हलवत आलं होतं. तरी वकील अडून बसले, मुलीला सगळा कोर्स द्या.

‘‘लागत नाई,’’ अनसाबाई म्हणाल्या.

‘‘अहो, सावधगिरी म्हणून घेतलं तर बिघडलं काय?’’

‘‘वकीलसाहेब, हे औषध हाये. प्रसाद नाई, आला त्याच्या हातावर ठेवाले.’’

वकील वरपर्यंत तक्रार करीन म्हणाले. अनसाबाईंनी त्यांना लिहायला कागद आणि टाक दिला. वकील गेल्यावर मी म्हटलं, ‘‘बाई, मोठा माणूस आहे. दिल्या असत्या चार सुया.’’  पुढच्या रविवारी त्या मला एस.टी.त बसवून अचलपूरला घेऊन गेल्या.

तिथं बाजारात हबीबभाईंचं कापडाचं दुकान होतं. पन्नाशीचा, सुरेख दाढीचा माणूस गादीवर बसून मलमल मापत होता. आम्हाला पाहून हसला, पण उठला नाही. थोड्या वेळानं मला कळलं की त्याला उठता येत नाही. काही वर्षांपूर्वी त्याचंच कुत्रं त्याला चावलं होतं. कुत्रं ठणठणीत होतं, रोज भाकर खात होतं. पण हबीबभाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुया द्याच म्हणून ते हातापाया पडले, आणि अनसाबाईंनी दिल्या. अकराव्या सुईनंतर सकाळी अंथरुणातून पाय हलेनात. हजारात एखाद्याला हे औषध असं बाधत असे. तो एखादा ते निघाले.

‘‘बाई हर बार मुँह लटकाके आती हैं,’’ हबीबभाई मला म्हणाले. ‘‘मैंने मांगा, इन्होंने दिया. कुत्रं तं अजून दोन वर्षं जगलं साहेब, आरामात!’’ आणि स्वतःच खदखदून हसले. अनसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी खणाचं कापड घेतलं, पदरात बांधलं आणि परतीच्या वाटेवर फक्त एवढंच बोलल्या, ‘‘बीए, ज्याले लागत नाई त्याले दिलं, हे म्या एकदा केलं. आता नाई.’’

हे सगळं सांगायचं कारण, पुढची गोष्ट माझ्या गावाची आहे आणि तिच्यात मी शहाणा ठरलो नाही.

दर्यापूरच्या पुढे आमचं गाव. काळी जमीन, कापसाचा मुलूख. माझे चुलत काका किसन यांची गाय व्याली. आमच्या वस्तीत रीत अशी की गाय कोणाचीही व्याली तरी चीक घरोघर जातो. वाटी-वाटी का होईना, सगळ्यांनी खरवस खायचा. तसा तो सगळ्यांनी खाल्ला. आठ-दहा दिवसांनी गाय बिघडली. दावं तोडू लागली, घसा बसल्यासारखी हंबरू लागली, तोंडातून लाळेच्या तारा. चारा गिळेना. काकांना वाटलं, घशात काही अडकलं. तोंडात हात घालून पाहिलं, काढा पाजला. चौथ्या दिवशी गाय मेली. ती पुरून आल्यावर कोणाला तरी आठवलं की दोन महिन्यांमागे वस्तीत एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं आणि गोठ्यातही गेलं होतं.

मग जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. आमचा चीक पाटलाच्या वाड्यात जात नव्हता, म्हणून त्या वर्षी पाटलाच्या वाड्यात कोणी घाबरलं नाही. बाकी अख्खी वस्ती दुसऱ्या दिवशी अकोल्यात हजर. अमरावतीला का गेले नाहीत? कारण आपला पोरगा अकोल्याच्या दवाखान्यात साहेब आहे!

साहेबानंही छाती फुगवली. म्हटलं, बसा, सगळ्यांना सुया देववतो. एकालाही परत पाठवत नाही.

अनसाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, ‘‘बीए, तुले किती लोकाइचे पाय पायजेत?’’

बी.ए. होऊन मला जे कळलं नव्हतं ते तेवढ्या वाक्यात कळलं. मी खुर्चीवर जाऊन बसलो.

मग त्यांनी वस्तीला व्हरांड्यात ओळीनं बसवलं आणि एकेकाला विचारत गेल्या. चीक कच्चा पिला का शिजवून खाल्ला? शिजवून. शिजवून. शिजवून. ‘‘उठा. घरी जा. चुलीवर शिजलं त्यात काई राह्यलं नाई.’’ म्हातारी सखुकाकू, म्हणजे किसनकाकांची बायको, उठेना. ‘‘माय, मले एक तरी द्या वो. इतक्या दूरून आलो.’’ ‘‘काकू, तुमाले चहा देतो,’’ बाई म्हणाल्या आणि खरंच दिला. डॉक्टरसाहेबांनीही प्रत्येकाचं ऐकून मान डोलावली. व्हरांडा रिकामा होत गेला.

शेवटी किसनकाका उरले. त्यांनी गाईचा जबडा दोन्ही हातांनी धरला होता, आणि अंगठा फुटलेला होता. बाईंनी त्यांना बसवून घेतलं. मग विचारलं, ‘‘तुमी जबडा धरला. मंग तोंडात हात कोनाचा गेला?’’

काका पायाच्या नखाकडे पाहू लागले.

‘‘बुवा, इचारून राह्यली मी. हात कोनाचा?’’

‘‘सूनबाईचा. शेवंताचा.’’

‘‘कुठं हाये थे?’’

‘‘घरी. सातवा महिना हाये. पोटात सुया देता म्हनलं तुमी. तिच्या पोटात कशा देता?’’

कापसाची वेचणी चालू होती. बोंडांच्या वाळक्या टोकांनी त्या दिवसांत आमच्या बायकांची बोटं चिरलेली असत. तशा हातानं शेवंतावहिनीनं गाईच्या घशापर्यंत चाचपून पाहिलं होतं. म्हणजे ज्यांना लागत नव्हतं ती सारी वस्ती रांगेत आली होती, आणि जिला सगळ्यांत आधी आणायची तिला घरी ठेवलं होतं.

अनसाबाई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. ‘‘चाल बीए. तुह्या गावचा रस्ता दाखव.’’

वहिनी ओसरीत डाळ निवडत होती. अनसाबाईंनी आधी तिचे हात पाहिले. चिरा भरत आल्या होत्या. आजूबाजूला बायका जमल्या. सखुकाकूंनी सुरुवात केली, ‘‘सुई लेकराच्या टाळूत जाईन, बाई. वारसाचं पोट हाये.’’

बाईंनी पिशवीतून सुई काढून दाखवली, आणि मग सखुकाकूंच्याच कमरेची कातडी चिमटीत धरली. ‘‘हे इतकंच. कातडीच्या खाली. लेकरू तिकडं, सुई इकडं कुशीवर. डॉक्टरसाहेबाले इचारून आली. आता तुमी बोलू नका. तिले बोलू द्या.’’

वहिनीनं विचारलं, ‘‘गाय पिसाळलीच होती का, बाई?’’

‘‘ठाऊक नाई. तिचं डोकं तपासाले धाडलं असतं तं समजलं असतं. तुमी पुरली.’’

‘‘मंग नसन पिसाळली तं?’’

‘‘नसन तं चौदा दिवस वाया गेले समज. अन् असन तं हा आजार एकदा सुरू झाल्यावर दवा नाई. कोनापाशीच नाई. सुरू व्हायच्या आधी हाये तेवढी येळ आपली.’’

वहिनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकत होती. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात अनसाबाई म्हणाल्या, ‘‘अजून एक आयक. औषधातई धोका हाये.’’ आणि त्यांनी हबीबभाईंची गोष्ट तिला सगळी सांगितली. अकरावी सुई, हलेनासे झालेले पाय, सगळं.

बायकांमध्ये कुजबुज झाली. मी तर कपाळावर हात मारला. आत्ता हे कशाला? नंतर मी त्यांना तसं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘लपवून आनलेली बाई चौथ्या दिवशी भिऊन पळते. समजून आलेली चौदा दिवस टिकते.’’

वहिनीनं सूप खाली ठेवलं. ‘‘बाई, तुमी माह्या जागी असत्या तं काय केलं असतं?’’

‘‘म्या घेतल्या असत्या. पन मी तुह्या जागी नाई. पोट तुहं हाये.’’

वहिनीचा नवरा माणिक दाराशी उभा होता. त्याच्याकडे सगळे पाहू लागले, तो आईकडे पाहू लागला. वहिनीनं कोणाकडेच पाहिलं नाही. ती म्हणाली, ‘‘गाईच्या तोंडात हात घातला तवा म्या कोनाले इचारलं नव्हतं. आता काहून इचारू?’’

आणि उठून अकोल्याला न्यायची लुगडी बांधायला लागली.

चौदा दिवस ती अनसाबाईंच्या खोलीवर राहिली. किसनकाका माझ्याकडे. काकांनी रोज आरडाओरडा केला. वहिनीनं नाही. एक दिवस डावी कूस, एक दिवस उजवी. रोज सकाळी सुईच्या आधी अनसाबाई तिला व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावत आणि स्वतः उकिडव्या बसून तिच्या पावलांकडे पाहत.

नवव्या दिवशी वहिनी अर्ध्यात थांबली. ‘‘पायाले मुंग्या येऊन राह्यल्या.’’

अनसाबाईंचा चेहरा मी तेवढा एकदाच तसा पाहिला. डॉक्टरसाहेब आले. गुडघ्यावर ठोकून पाहिलं, तळव्याला टाचणी लावून पाहिली, डोळे मिटून उभं केलं, पुन्हा चालवलं. पायांत जोर पुरता होता. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईच्या पायांना अशाही मुंग्या येतात, ते म्हणाले. पण खात्री? खात्री त्यांनाही देता येत नव्हती. थांबलो तर केलेलं अर्धवट राहतं. पुढे गेलो तर हबीबभाई.

सुई उकळून तयार होती. अनसाबाईंनी ती उचलली आणि तशीच परत ठेवली. ‘‘शेवंता, आज पुन्हा इचारतो. तुले नाई म्हनता येते.’’

वहिनी पाटावर आडवी झाली आणि तिनं कुशीवरचं लुगडं सारलं. ‘‘द्या बाई. हात कापू देऊ नका फक्त.’’

‘‘माहा हात कापत नाई,’’ अनसाबाई म्हणाल्या. आणि खरोखर कापला नाही. मी पाहत होतो.

मुंग्या दोन दिवसांत गेल्या. उरलेल्या सुया झाल्या. वहिनी आणि काका गावी गेले. पुढे मुलगी झाली, तीही चांगली गुटगुटीत. मी पेढे घेऊन गेलो तर अनसाबाईंनी अर्धाच मोडून घेतला. म्हणाल्या, ‘‘अजून नाई.’’ हा आजार महिनोन्‌महिने अंगात दडून बसतो हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मीही महिने मोजायला लागलो. दर्यापूरकडचं कोणी दवाखान्यात दिसलं की आधी वहिनीची खुशाली विचारत असे.

माझी अमरावतीला बदली झाली. एक दिवस सकाळी ऑफिसच्या दारात अनसाबाई उभ्या. हातात पिशवी. ‘‘बीए, वरीस झालं. चाल, पाहून येऊ.’’ मी अर्ज लिहून दिवसाची रजा घेतली आणि निघालो. त्यानंतर त्या चंद्रपूरकडे गेल्या म्हणतात, मला पुन्हा भेटल्या नाहीत. म्हणून तो दिवस मी घट्ट धरून ठेवला आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कडक होतं. सखुकाकूंच्या मांडीवर नात होती. अनसाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, घेतलं नाही. ओसरीवर बसून राहिल्या. थोड्या वेळानं वहिनी शेतातून आली, डोक्यावर सरपणाचा भारा, घामानं निथळलेली. भारा टाकून ती हसतच पुढं आली आणि बाईंच्या पायांशी वाकू लागली.

‘‘राहू दे. पानी आन,’’ अनसाबाई म्हणाल्या.

वहिनीनं माठातून तांब्या भरून आणला, त्यांच्यापुढे धरला.

‘‘मले नाई. आधी तू पे.’’

‘‘म्या काहून? तुमी पाहुन्या.’’

‘‘पे म्हनलं न तुले.’’

हा आजार माणसाला पाण्यापाशी पकडतो. ज्याला झाला त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नाही, नुसत्या तांब्याकडे पाहून गळा आवळतो. वऱ्हाडात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वहिनीला उशिरानं उमगलं. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं. मग मान मागे टाकली आणि तांब्या उंच धरून वरून धार सोडली. घटाघट, घटाघट. ऊन डोक्यावर, दुपारची तहान. पाणी हनुवटीवरून ओघळून चोळी भिजली, तरी ती थांबली नाही.

तांब्या रिकामा होईपर्यंत अनसाबाईंची नजर तिच्या गळ्यावरून हलली नाही. मग त्यांनी हात पुढे केला.

‘‘आता मले दे. अन् ते पोट्टी आन इकडं.’’